तिसऱ्या गाण्यानंतरचे एकोणीस सेकंद

१

२०१५च्या उन्हाळ्यात माझा रविवार ठरलेला होता. लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. सहा दिवस लोकांचं रक्त तपासायचं, सातव्या दिवशी सकाळच्या एसटीनं पवनी गाठायची, अंकुशच्या घरी दुपारभर मेटल ऐकायचं, त्यावर भांडायचं आणि संध्याकाळी कोंढ्याकडच्या नव्या गावात बाबांजवळ मुक्कामाला जायचं. सोमवारी पहाटे परत. यातला शेवटचा भाग मी अलीकडे गाळायला लागलो होतो.

अंकुश, हर्षा आणि मी भंडाऱ्याला एकाच कॉलेजात होतो. हा नाद तिथलाच. अंकुशचं घर कोष्ट्यांचं. आजोबांच्या काळात घरात सहा हातमाग चालायचे. आता एकच उरला होता, तोही चादर घालून झाकलेला, आणि अंकुश बाजारात कापडाचं दुकान चालवायचा. मागाच्या खोलीत विणकराचे पाय सोडायला जमिनीत खड्डे असतात. त्यातल्या दोन खड्ड्यांवर फळ्या टाकून त्यानं स्पीकर ठेवले होते. बास वाजला की तो जमिनीतून तळपायात चढायचा. भिंती हातभर जाड, खिडकी एकच, तीही उंचावर. मे महिन्यात इतकी थंड खोली पवनीत दुसरी नसेल.

एप्रिलच्या शेवटी अंकुशच्या पुण्यातल्या भावानं त्याला एक सीडी पाठवली. लँटर्न फेरी नावाचा स्वीडनचा बँड, अल्बमचं नाव 'ऑल द रूम्स वी लेफ्ट'. प्रोग्रेसिव्ह मेटल. नऊ गाणी आणि प्रत्येक गाणं म्हणजे सोडून दिलेल्या एका घराचा एकेक भाग. पोर्च, जिना, किचन, यार्ड असं करत शेवटी माळा. तिसरं गाणं 'किचन' चौदा मिनिटांचं. ते संपलं की चौथं सुरू व्हायच्या आधी पूर्ण शांतता होती. हर्षानं घड्याळ लावून मोजली, एकोणीस सेकंद.

"दहापैकी दहा," अंकुश म्हणाला. "यावर बोलाचंच काम नाही."

"सहा," हर्षा म्हणाली. "तेही ड्रमरचे. गाणाऱ्याले गुरगुरता येते, गाता येत नाही. आणि ही मधातली शांतता म्हणजे नुसता आव आहे. सुचलं नाही, तर गप बसले."

"काहून? किचनमधून यार्डात जायचं तर मधात दार लागते नं. थे एकोणीस सेकंद म्हणजे दार आहे."

"मंग दार वाजवा नं एखादं. रिकामी टेप कायले वाजवता?"

हर्षा ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. ताल मोजणं तिच्याकडे, त्यामुळे तिचं बोलणं खोडून काढणं अवघड असे. मी आठ गुण दिले आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. शोभाताई, म्हणजे अंकुशची आई, चहा घेऊन आल्या. त्यांनी थोडा वेळ उभं राहून ऐकलं आणि विचारलं, "हा माणूस एवढा ओरडते काहून? कोणी मारून राहिलं का त्याले?"

हर्षा म्हणाली, "काकू, माझंही हेच म्हणणं आहे."

त्या दिवशी वाद इतका रंगला की माझी संध्याकाळची गाडी सुटली. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "ये मंग पुढच्या रविवारी. काही घाई नाही."

२

पुढच्या रविवारी वाद पुन्हा पहिल्यापासून. अंकुशनं 'किचन' लावलं. शेवटी सगळी वाद्यं एकेक करून थांबतात, फक्त ड्रम उरतो आणि तोही तुटतो. मग शांतता.

त्या शांततेत मला आवाज आला. खट्. मग जरा थांबून, खट्.

मी दाराकडे पाहिलं. खोलीचं दार सताड उघडं होतं. बाहेर अंगणात ऊन इतकं होतं की दगडी फरशी पांढरी दिसत होती.

"कोणी आलं का?" मी विचारलं.

"एवढ्या उन्हात कोण येते बे," अंकुश म्हणाला. तेवढ्यात 'यार्ड' सुरू झालं आणि तो डोळे मिटून मान हलवायला लागला.

मला तो आवाज माहीत होता. आमच्या जुन्या घराचं मागचं दार स्वयंपाकघरात उघडायचं. त्याची लोखंडी कडी वाकलेली होती, एकदा उचलली की अडायची आणि दुसऱ्यांदा उचलल्यावरच सुटायची. माझी माय, धुरपताबाई, मागच्या विहिरीवरून दोन्ही हातांत पाण्याचे गुंड घेऊन यायची आणि कोपरानं कडी उचलायची. खट्, मग गुंड सावरायला लागेल तेवढा वेळ, मग खट्. शाळेचा अभ्यास करताना पाठ दाराकडे असली तरी मला कळायचं, माय आली.

माय २०१०मध्ये वारली. दोन वर्षांनी गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि आमचं गाव उठलं. सगळ्यांनी छपराचे कवेलू, फाटे, दारं काढून नेली, तशी आम्हीही नेली. ते मागचं दार नव्या गावातल्या घराला बसवलं, पण सुतारानं कडी सरळ करून दिली. आता ती एकाच झटक्यात उघडते. म्हणजे जो आवाज मी ऐकला, तो जगात कुठंच उरलेला नव्हता.

मी कोणाला काही बोललो नाही. आमच्या घरात भूत-पिशाच्च हा विषयच नव्हता. बाबांनी नव्या घराच्या पहिल्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बावीस प्रतिज्ञा लावल्या होत्या आणि ते त्या नुसत्या लावून थांबणारे नव्हते. गावात कोणाच्या अंगात आलं तर ते त्याला दवाखान्यात घेऊन जायचे. त्यांचा मुलगा रक्ताच्या बाटल्या मोजणारा. मी स्वतःला समजावलं की कान थकतात. चौदा मिनिटं एवढा आवाज ऐकल्यावर कानात काहीही वाजेल.

त्या संध्याकाळी मी नव्या गावाला गेलो नाही. थकवा आला होता, असं तेव्हा म्हणालो. खरं कारण असं की ते दार उघडायला मला नको वाटत होतं.

३

आठवडाभर मी तेच गाणं मोबाईलमध्ये ऐकलं. बसमध्ये, खोलीवर, लॅबमध्ये दुपारी कोणी नसताना. एकोणीस सेकंद रिकामेच होते. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. वाईट का, ते तेव्हा नीट कळलं नाही.

तिसऱ्या रविवारी हर्षा लॅपटॉप घेऊन आली. तिला सिद्ध करायचं होतं की या लोकांनी आवाज दाबून सगळा अल्बम सपाट करून टाकला आहे. तिनं सीडी लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि गाण्याचा आलेख पडद्यावर काढला. गर्दीनं भरलेली काळी पट्टी, मग एक सरळ रेघ, मग पुन्हा गर्दी.

"ही तुझी महान शांतता," ती अंकुशला म्हणाली. "शून्य."

"शून्यच पाहिजे," अंकुश म्हणाला. "लाव स्पीकरवर."

त्यानं डेकवर सीडी लावली. गाणं संपलं. मी दोघांच्या तोंडाकडे पाहत बसलो होतो.

खट्. आणि मग, खट्.

अंकुशची मान हलायची थांबली. हर्षाची बोटं मांडीवर ताल देत होती, ती तशीच देत राहिली, पण तिनं वर पाहिलं. 'यार्ड' सुरू झालं. अंकुशनं उठून डेक बंद केला.

"मागाचा आवाज आहे," तो म्हणाला. "गरमीनं लाकूड फुगते."

"हे लाकडावर लोखंड होतं," हर्षा म्हणाली. तिनं पडद्यावरची सरळ रेघ पुन्हा मोठी करून पाहिली. रेघ सरळच होती. "आणि ऐक. गाणं सात मात्रांत आहे. मी शांततेतही सात मोजत होती. दोन्ही वेळा आवाज सहाव्यावर पडला. लाकूड मोजून फुगत नाही."

"म्हणजे तू मानते की त्यात काही आहे," अंकुश म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण ते नीट जमलं नाही.

"मी एवढंच म्हणते की या खोलीत काही आहे. फाईलमध्ये नाही."

मग आम्ही तासभर त्यावर बोललो. स्पीकरची सैल तार, खड्ड्यातली पोकळी, गल्लीतलं कोणाचं तरी दार. प्रत्येक कारण ठीक होतं आणि तरी आम्ही पुढचं शोधत होतो. मी त्यांना कडीचं सांगितलं नाही. आवाज त्यांनाही आला, म्हणजे माझं डोकं ठीक आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं.

त्याही संध्याकाळी मी बाबांकडे गेलो नाही. फोनवर ते म्हणाले, "जेवून राहिला नं बरोबर?"

"हो बाबा. चटणी-भात, भाजी, सगळं करतो."

"चटणी कायची? मिक्सरमधली?"

"मंग काय करू?"

ते हसले. त्यांना खोकला आला आणि त्यांनी फोन ठेवला.

४

चौथ्या रविवारी, एकतीस मेला, हर्षाला यायचं नव्हतं. तिनं तसं कळवलंही, पण साडेअकराला आली. म्हणाली, "घरी बसून तेच डोक्यात येऊन राहिलं. एकदा ऐकून विषय संपवू."

बाहेर शेहेचाळीस डिग्री होते. शोभाताई आत झोपल्या होत्या. अंकुशनं झाकलेल्या मागाची चादर काढली, त्याच्या दोऱ्या घट्ट बांधल्या, पंखा बंद केला, स्पीकरच्या तारा तपासल्या. मग आम्ही चौदा मिनिटं एकमेकांशी न बोलता बसलो. खरं सांगायचं तर गाणं त्या दिवशी मला पहिल्यांदा पूर्ण आवडलं. शेवटाकडे तो माणूस ओरडायचं सोडून साध्या आवाजात गातो. रिकाम्या स्वयंपाकघरात कोणी चूल पेटवली आहे, असं काहीसं. हर्षासुद्धा खाली पाहून ऐकत होती.

ड्रम थांबला.

कडी वाजली नाही. आधी पाण्याचा आवाज आला. कोणी कापड पिळतं आहे आणि थेंब पितळी गंजात पडत आहेत, तसा. मग कोणी खोकलं. दोन लहान आणि एक लांब, शेवटी छातीतून निघणारा हुंकार. वीस वर्षं राईस मिलच्या कोंड्यात काम केलेल्या माणसाचा खोकला.

'यार्ड' सुरू झालं. मी उभा होतो, कधी उठलो ते आठवत नाही.

"सुगत, काय झालं?" हर्षानं विचारलं.

"बाबा आहेत ते," मी म्हणालो.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग शेजारच्या मालनबाईंना लावला. त्या जेवत होत्या.

"तुझे बाबा तर सकाळीच गेले गा," त्या म्हणाल्या. "औंदा पाणी लय उतरलं, जुनं घर उघडं पडलं, तर म्हणे पाटा-वरवंटा घेऊन येतो. पोरगा तिकडे मिक्सरमधली चटणी खाऊन राहिला म्हणे. म्या म्हणलं, एवढ्या उन्हात नका जाऊ. नऊ वाजता गेले. अजून आले नाही का?"

साडेबारा वाजले होते. अंकुशनं भिंतीवरून मोटरसायकलची चावी घेतली. हर्षा म्हणाली, "मी १०८ले फोन करते, काठावर यायला सांगते. तुम्ही निघा." कोणी कोणाला विचारलं नाही की हे कशाच्या भरवशावर करून राहिलो. त्या दोघांचे मी तेव्हापासून आभार मानतो आहे, ते या एका गोष्टीसाठी.

५

गाडीवर तोंडाला रुमाल बांधूनही हवा भाजत होती. मी मागं बसून हिशेबी विचार करत होतो, जसा लॅबमध्ये करतो. बाबांचं वय सदुसष्ट. नऊला निघाले, चालत एक तास. परत निघाले असतील तर वाटेत कुठंतरी सावलीत बसले असतील. फोनची बॅटरी संपली असेल. खोकला कोणाचाही असू शकतो. आपण तिघं एका आवाजाला घाबरून एका शांत म्हाताऱ्या माणसाकडे ॲम्ब्युलन्स घेऊन चाललो आहोत, ते हसतील, मग रागावतील. मी हे सगळं स्वतःला पटवत होतो आणि अंकुशच्या खांद्यावर थापट मारून म्हणत होतो, "जोरात घे."

पाणी उतरलं की जुन्या गावाकडे जायला दोन वाटा होतात. एक लांबची, वाळलेल्या गाळावरून वळसा घालून. दुसरी सरळ, पण मध्ये पाण्याचा पट्टा राहतो. काठावर केवळराम नावाचा मासेमार बाभळीखाली जाळं शिवत बसला होता. मी त्याला ओळखत नव्हतो. सांगितलं, तर तो जाळं तिथंच टाकून उठला.

"बसा डोंग्यात," तो म्हणाला. "हलू नका."

पाणी कोमट आणि हिरवं होतं. बांबू खाली टेकला की बुडबुडे वर यायचे. मध्येच त्याचा बांबू कशावर तरी टणकन लागला. "शाळेची भिंत," केवळराम म्हणाला. मी त्या शाळेत शिकलो होतो.

६

आमचं घर घरकुल योजनेतलं, पक्क्या विटांचं, म्हणून भिंती उभ्या होत्या. छप्पर आम्हीच नेलं होतं, फक्त स्वयंपाकघरावरचा छोटा स्लॅब राहिला होता. सगळ्या गावावर राखाडी गाळाचा थर आणि त्याला पडलेल्या भेगा. आम्ही पाण्याच्या बाजूनं, म्हणजे घराच्या मागून येत होतो. केवळराम डोंगा धरून काठाला थांबला. अंकुश आणि मी चालत निघालो. अंतर शंभरेक पावलांचं असेल. पक्षी नाही, झाड नाही, वारा नाही. आमच्याच पायाखाली गाळाची पापडी फुटत होती.

मी "बाबा" म्हणून हाक मारली. आवाज पुढं गेलाच नाही.

स्वयंपाकघराचं मागचं दार पश्चिमेकडे होतं. म्हणजे आता दार नव्हतं, भिंतीत दाराएवढी मोकळी जागा. दुपार कलली होती, सूर्य आमच्या पाठीमागं होता. त्या मोकळ्या जागेतून ऊन सरळ आत पडायला हवं होतं. पण ती जागा काळी होती. आत अंधार असतो तशी नव्हे, बंद दार दिसतं तशी, सपाट.

आम्ही वीसेक पावलांवर असताना आवाज आला. खट्.

अंकुश थांबला. मीही थांबलो. आजूबाजूला लोखंड नव्हतं, लाकूड नव्हतं. मी नकळत मोजत होतो.

खट्.

मग मी जे पाहिलं ते एवढंच. त्या काळ्या जागेच्या एका कडेला उन्हाची उभी रेघ आली. बोटभर. ती हळूहळू रुंद होत आतल्या जमिनीवर सरकत गेली, जसं कोणी आतून दार ओढून उघडतं आहे आणि ऊन त्याच्या मागोमाग आत येतं आहे. वीतभर, हातभर. मग पूर्ण चौकट उजळली आणि त्या उजेडाच्या टोकाला मला बाबांच्या चपला दिसल्या. पायांत होत्या. पाय हलत नव्हते.

मी धावलो. अंकुश नंतर म्हणाला, त्याचे पाय दोन क्षण उचललेच नाहीत.

बाबा स्लॅबच्या सावलीत, जुन्या चुलीच्या जागेजवळ उताणे पडले होते. अंग तव्यासारखं, ओठ फुटलेले, शुद्ध नाही, पण श्वास होता. शेजारी पाटा अर्धा गाळातून उकरलेला. पाण्याची बाटली रिकामी, झाकण बाजूला. आणि कपाळावर त्यांचाच दुपट्टा, चार पदरी घडी घालून, दोन्ही टोकं कानांवर येतील असा. ओला. नुसता ओला नाही, मी हात लावला तर बोटांवरून पाणी ओघळलं.

माझ्या डोक्यातला तपासनीस तेव्हाही बोलत होता. बाटलीतलं पाणी त्यांनी स्वतःच ओतलं असेल. पण मेच्या दुपारी पातळ कापड दहा मिनिटांत कडक होतं. बाटली आतून कोरडी ठणठणीत होती. पाणी शंभर पावलांवर होतं आणि सावलीतल्या गाळाच्या मऊ थरात आत येणारी पावलं फक्त बाबांच्या चपलांची होती. त्यांच्यावर आमची पडली.

"उचल," अंकुश म्हणाला. "पाहू नको कुठं. उचल आधी."

आम्ही त्यांना उचललं. दारातून बाहेर पडताना मी खांदा आकसून घेतला, दार लागू नये म्हणून. ते लक्षात आलं. आणि तोंडातून शब्द निघाला, "येतो माय." तो मी ठरवून बोललो नाही.

७

ॲम्ब्युलन्स काठावर उभी होती आणि हर्षा तिच्यासोबत होती. पवनीत सलाईन लावली, मग भंडाऱ्याला नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. डॉक्टर तरुण होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उष्माघातात या वयाचे लोक तासाभरात जातात. डोक्यावर ओलं फडकं कोणी ठेवलं होतं?"

"घरच्यांनी," मी म्हणालो.

"त्यांच्यामुळं वाचले."

बाबा तीन दिवस फारसं बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांना पेज भरवत होतो, तर म्हणाले, "डोकं तापलं की काहीबाही दिसते. त्याले अर्थ नसते."

"काय दिसलं?"

"काही नाही." मग त्यांनी माझा चमचा हातानं थांबवला. "पाटा उकरता उकरता चक्कर आली गा. म्या म्हणलं, निघावं. उठलो तर मागचं दार लावलेलं. मी उघडाले गेलो, तर ती म्हणे, ऊन उतरू द्या. एवढंच. दोनदा उठलो, दोन्ही वेळा म्हणे, ऊन उतरू द्या."

त्या उन्हात ते बाहेर पडले असते तर गाळावर कुठंतरी पडले असते आणि आम्हाला संध्याकाळपर्यंत सापडले नसते. हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू माझा निकाल मागत होते.

"मी तिकडे तीन रविवार आलो नाही," मी म्हणालो.

"आला नं आता," ते म्हणाले आणि वाटीकडे बोट दाखवलं.

८

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा काठी घेऊन चालायला लागले. पहिल्यांदा बाहेर पडले ते केवळरामकडे जायला. "ज्यानं डोंगा सोडला त्याले भेटलं पाहिजे," म्हणाले. मी पवनीतून त्याच्या घरासाठी एक चादर घेतली. अंकुशनं दुकानातली सगळ्यात चांगली काढून दिली. भाड्याच्या गाडीत जाताना तो आणि हर्षा सोबत होते आणि त्या अल्बमवर भांडत होते. हर्षा आता सात गुणांवर आली होती. आठ देणार नाही म्हणत होती, कारण शेवटचं गाणं उगाच ताणलेलं आहे.

केवळरामनं चादर घ्यायला आधी नकार दिला, मग घेतली. ओसरीत बाज टाकली. त्याची बायको रुखमिणी पाणी घेऊन आली आणि बाबांकडे पाहून थांबली.

"तुम्हीच का ते?" ती म्हणाली. "मी पाहिलं होतं तुम्हाले त्या दिवशी. गाळावर माझी काकडीची वाडी आहे नं, लांबच्या वाटेले. सकाळी दहाच्या आसपास जाऊन राहिले होते तुम्ही."

"हो, तिकूनच गेलो," बाबा म्हणाले.

"एकटे असते तर मी थांबवलंच असतं, एवढ्या तापात. पण सोबत बाई होती, म्हणून म्हणलं, जाऊ दे."

केवळराम बायकोकडे पाहत होता. त्यानं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. हर्षानं हातातला पेला खाली ठेवला.

बाबांनी शांतपणे विचारलं, "कशी होती बाई?"

"लांबून तोंड काही दिसलं नाही," रुखमिणी म्हणाली. "तुमच्या मागं एक पाऊल होती. उन्हात स्वतःच्या डोक्यावर पदर नव्हता तिच्या, म्हणून ध्यानात राहिलं. तिनं तो हातानं तुमच्या डोक्यावर धरला होता. सावली करून."

बाबा बाजेवर होते, तरी त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवून आधार घेतला. मी उठायला लागलो, तर त्यांनी मान हलवून मला बसवलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती का, ते मी नीट पाहिलं. नव्हती.

"पुन्हा सांग माय," ते रुखमिणीला म्हणाले. "सावकाश सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.